कालबाह्य नोंदी (भूमी अभिलेखांतील)

कायदेशीर परिणाम संपुष्टात आलेली, परंतु पुराव्यासाठी अभिलेखात जतन केलेली नोंद. अशी नोंद पुसून टाकल्यास हक्काची परंपरा तुटते. खुणेवाचून ठेवल्यास संपलेला हक्क किंवा बोजा चालू असल्याचा समज होतो. म्हणून ती निष्प्रभ झाल्याची स्पष्ट खूण करावी लागते.

अशा व्यवस्थेच्या अभावाचे परिणाम अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासात ठळकपणे दिसतात. एकोणिसाव्या शतकात कर्जखते सावकाराच्याच ताब्यात असत. परतफेडीची पावती कुळाला बहुधा मिळत नसे. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाई. न्यायालये खतातील मजकूर प्रमाण मानीत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेले दख्खनचे दंगे लवकरच पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जखते हस्तगत करून ती नष्ट करण्यावर होता. पुढे पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम (१८७९) करण्यात आला. त्यान्वये न्यायालयांना खतामागील देवघेवीचा पूर्वेतिहास तपासता येऊ लागला, तसेच शेतकऱ्याला पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला.

जमिनीवरील हक्कांची पद्धतशीर नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या अधिनियमाने सुरू झाली. हक्कातील बदल फेरफाराच्या नोंदवहीत (गाव नमुना ६) लिहून त्याचा अंमल अधिकार अभिलेखात (गाव नमुना ७) देण्याची रीत पडली. मयत खातेदाराचे नाव किंवा फिटलेला बोजा न पुसता तलाठी त्याला कंस करी व शेजारी फेरफार क्रमांक लिही. त्या क्रमांकावरून बदलाचे कारण व दिनांक शोधता येत असे. तथापि कंस सहज नजरेतून सुटे. कंसाचा अर्थ ठाऊक नसलेल्या वाचकास जुने नाव चालूच वाटे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये सातबारा उताऱ्याच्या नमुन्यात सुधारणा करून मयत खातेदार, कर्जाचे बोजे व ई-करार यांच्या रद्द नोंदी कंसाऐवजी आडवी रेघ मारून दर्शविण्याचे ठरविले. त्यामुळे मजकूर वाचनीय राहून त्याची निष्प्रभता प्रथमदर्शनीच कळते.

संगणकीय भाषांतही हाच प्रश्न उद्भवतो. जुने फलन एकदम काढल्यास त्यावर आधारलेल्या आज्ञावली बंद पडतात. म्हणून ते कालबाह्य असल्याची खूण करून पर्याय सुचविला जातो. जावा भाषेत अशी खूण १९९७ पासून आहे. ते फलन कोणत्या आवृत्तीपासून कालबाह्य झाले व पुढे काढले जाणार आहे काय, हे नोंदविण्याची सोय २०१७ मध्ये झाली. उतारा असो वा आज्ञावली, काय संपले यासोबत केव्हा, कशामुळे व त्याऐवजी काय, हे सांगणारी खूणच परिपूर्ण ठरते.