मोटारीचा श्वास आणि खानदेशची धूळ

मोटार पेट्रोलवर चालते असें आपण म्हणतों. परंतु वजनानें हिशेब केला तर ती मुख्यतः हवेवर चालते असेंच म्हणावें लागेल. एक किलोग्रॅम पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे एका लिटरमागें सुमारें नऊ हजार लिटर हवा झाली. जळगांवाहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यास जावयाचें तर अंतर सुमारें ९० किलोमीटर. लिटरमागें १५ किलोमीटर चालणारी गाडी तेवढ्या प्रवासांत सहा लिटर पेट्रोल पिते आणि ५४ हजार लिटर हवा ओढून घेते. साडेचार मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा दिवाणखान्यांत मावणारी सगळी हवा एका खेपेंत इंजिनाच्या पोटांतून जाते! ही हवा खानदेशची आहे. तिच्याबरोबर काय काय आंत शिरूं पाहतें आणि तें अडविण्याची विद्या कशी वाढली, हा इतिहास घरच्या अंगणांत गाडीची हवेची वाट साफ करूं इच्छिणाऱ्या गृहस्थास ठाऊक असावा असें आम्हांस वाटतें. कारण त्याच्या फडक्यास लागणारा मळ एका जातीचा नसून दोन जातींचा असतो, आणि त्या दोहोंचें कूळ अगदीं निराळें आहे.

हवेच्या वाटेवरील झडप ही मोटारीहून पुष्कळ जुनी. इंग्रजी ‘थ्रॉटल’ या शब्दाचा मूळ अर्थ गळा आवळणें असा आहे. वाफेच्या यंत्राच्या नळींत चकती फिरवून वाफ कमीअधिक सोडण्याची युक्ति जेम्स वॅट यानें वापरली, आणि १७८८ सालीं तिला फिरत्या गोळ्यांच्या नियामकाची जोड दिली. पुढें १८८६ सालीं कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें; १८९३ सालीं विल्हेल्म मायबाख यानें बारीक छिद्रांतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बुरेटर सिद्ध केला; आणि कालांतरानें वाफेच्या नळींतील ती चकती मोटारीच्या हवेच्या नळींत येऊन बसली. आज मिस्त्री ज्यास थ्रॉटल बॉडी म्हणतात, तें या चकतीचें घर होय. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हां तो प्रत्यक्ष पेट्रोल ओतीत नाहीं. तो हवेचा गळा मोकळा करतो, आणि पेट्रोल हवेच्या मागून येतें.

आतां पहिला मळ पाहूं, तो बाहेरचा. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं धुळें येथें ठाणें केलें. मुंबईहून आग्र्यास जाणारा मार्ग या गांवावरून जातो, आणि सुरतेकडून नागपुराकडे जाणारा मार्गहि त्यास येथेंच छेदतो. धुळें या नांवाचा संबंध धुळीशीं जोडण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यास शब्दसाम्यापलीकडे आधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वैशाखांत सोनगीर-शिरपुराच्या वाटेनें ज्यानें प्रवास केला असेल त्यास तो मोह क्षम्य वाटेल. तापीखोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यांत चाकास चिकटते आणि उन्हाळ्यांत पिठासारखी उडते. तींत कपाशीची भर. अमेरिकेंतील यादवीच्या काळीं (१८६१-६५) हिंदी कापसास मागणी चढली आणि लोहमार्गावरील जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. हंगामांत जिनिंगच्या आसपास हवेंत तंतू तरंगत असतात. धुळीचे कण आणि कापसाचे तंतू एकत्र आले म्हणजे गाळणीवर नमद्यासारखा थर बसतो.

या धुळीवरचा जुना उपाय म्हणजे तेलाचा फिल्टर. १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढील काळांत विहिरीवरचें डिझेल इंजिन मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचें झालें. अशा पुष्कळ इंजिनांवर व ट्रॅक्टरांवर हवा एका तेलाच्या वाटीवरून वळवून नेलेली असे. वळणावर हवा वांके, जड कण वांकत नसत. ते तेलांत बुडत. शेतकरी तें तेल ओतून टाकी, तळचा गाळ खरवडी व नवें तेल भरी. हें किती दिवसांनीं करावयाचें, याचा निवाडा वाटीच्या तळाशीं बसलेला गाळच करी. पुढें मोटारींत घड्या घातलेला कागदी फिल्टर आला. तो तेलापेक्षां बारीक कण अडवितो. पण तो बंद डब्यांत राहतो, आणि डोळ्यांआड गेलेली वस्तु मनाआडहि जाते.

दुसरा मळ आंतला. झडपेच्या चकतीच्या कडेस काळा, चिकट थर दिसतो. पुष्कळ गृहस्थ त्याचा दोष रस्त्यावर टाकतात. परंतु फिल्टर शाबूत असतांहि तो थर बसतो, कारण तो बाहेरून आलेलाच नसतो. सिलिंडरांतील कांहीं वायू पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खालीं तेलाच्या कोठींत उतरतात. पूर्वीं ते एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडून देत. १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, लॉस अँजेलिस शहरावर पसरणारें, डोळ्यांस झोंबणारें धुकें मोटारींच्या व तेलाच्या कारखान्यांच्या वायूंपासून सूर्यप्रकाशांत तयार होतें. १९६१ सालीं कॅलिफोर्नियानें हे निसटलेले वायू पुन्हां इंजिनाच्या श्वासांत सोडून जाळण्याचा प्रबंध सक्तीचा करण्याचें ठरविलें, आणि पुढें जगभर तीच रीत पडली. रस्त्यावरील हवेचा भार हलका झाला. परंतु त्या वायूंबरोबर येणारी तेलाची वाफ व काजळी झडपेवर बसूं लागली. दूरच्या एका शहराची हवा निवळावी म्हणून केलेल्या नियमाचा काळा डाग आज जळगांवच्या अंगणांत फडक्यावर उमटतो, तो असा.

आपल्याकडे या गोष्टीस महत्त्व आलें तें झडपेचा कारभार विजेच्या हातीं गेल्यावर. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट आणि डिसेंबर १९८३ मध्यें आलेली मारुति ८०० या गाड्या कार्बुरेटरवरच चालत. मंद चाल बिघडली तर पेचकसानें एक स्क्रू फिरवून ती सुधारतां येई. एप्रिल २००० पासून धुराचे नवे नियम देशभर लागू झाले आणि कार्बुरेटर मागें पडून इंजेक्शन आलें. मंद चालींत चकती जवळजवळ मिटलेली असते व हवा केसाएवढ्या फटींतून जाते. ती फट काजळीनें बुजूं लागली म्हणजे गाडीचा संगणक चकती किंचित् अधिक उघडून वेळ मारून नेतो. त्याची सोय संपली कीं इंजिन थरथरतें किंवा चौकांत बंद पडतें.

घरीं करावयाचें काम थोडकें आहे. क्रम मात्र मोडूं नये. इंजिन थंड असावें, किल्ली काढलेली असावी, जागा मोकळी व विस्तवापासून दूर असावी. कारण सफाईचा फवारा चटकन् पेट घेतो. डबा उघडण्यापूर्वीं त्याच्या वरची धूळ पुसावी, नाहींतर तीच प्रथम आंत जाईल. कागदी फिल्टर उजेडासमोर धरावा. घड्यांतून उजेड दिसत असेल तर मळकी बाजू खालीं करून हलकेंच झटकावा व पुन्हां बसवावा. कोंडला, तेलकटला वा फाटला असेल तर नवा घालावा. जोराच्या हवेनें तो फुंकूं नये. कागदास सहज न दिसणारीं भोकें पडतात आणि स्वच्छ दिसणारा फिल्टरच धुळीस दार उघडून देतो. मग रबरी नळी सोडवून थ्रॉटल बॉडीचा फवारा फडक्यावर घ्यावा, आणि चकतीची कड व भोंवतालची भिंत पुसावी. मोटरीनें फिरणारी चकती बोटानें जोर करून उघडूं नये. आंतले दांते नाजूक असतात. हवा मोजणाऱ्या सेन्सरला हा फवारा किंवा फडकें लावूं नये. शेवटीं नळीची पट्टी नीट आवळावी. पुष्कळ गाड्यांत संगणकास झडपेची नवी स्थिति शिकावयास थोडा वेळ लागतो, म्हणून आरंभीं चाल कमीजास्त वाटेल. ती तशीच राहिली तर गाडी गॅरेजांत दाखवावी.

पट्टीवर आम्ही एवढा भर देतों त्यास कारण आहे. सैल नळींतून शिरलेली धूळ फिल्टरला वळसा घालून सिलिंडरांत पोहोंचते व रिंगा झिजविते. झिजलेल्या रिंगांजवळून अधिक वायू निसटतात. आणि तेच वायू झडपेवर अधिक काजळी आणून बसवितात. बाहेरचा मळ असा आंतल्या मळास जन्म देतो. जो नुसती काळी चकती घासून समाधान मानतो आणि डब्याकडे पाहत नाहीं, तो फळें तोडून मूळ पाणी पाजून ठेवतो.

म्हणून या दोन मळांचीं पंचांगेंहि दोन असावींत. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांतील किलोमीटरांचा आंकडा सामान्य रस्त्यांसाठीं असतो. धुळीच्या मुलखांत तो कमी करावा असें बहुधा तेंच पुस्तक सांगतें, पण किती कमी हें जमीन ठरविते. खानदेशांत राहणाऱ्यानें कपाशीचा हंगाम सरतांना एकदां आणि वैशाख संपतांना एकदां डबा उघडून पाहावा. झडपेस मात्र, इंजिन मंद चालींत थरथरूं लागल्याखेरीज, हात लावूं नये.