शस्त्रविद्या आणि संयम

इंदूरच्या पोलोग्राउंड या नावात राजेरजवाड्यांच्या अश्वक्रीडेची स्मृती आहे; जागेवर मात्र आज कारखाने आणि कचेऱ्या उभ्या आहेत. घोड्यावरची पक्की मांड ही मूळची रणांगणातील विद्या. तिचा खेळ झाला आणि पुढे खेळाचेही केवळ नाव उरले. याच नगरीतील आखाड्यांच्या वाट्याला ही गत आली नाही, याचे कारण शोधण्याजोगे आहे.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने त्यांचे लष्करी स्वातंत्र्य संपले; इंदूर राजधानी झाले आणि जवळच महूस इंग्रजांची छावणी पडली. शिपाईगिरीवर पोट भरणाऱ्यांची विद्या त्यामुळे निरुपयोगी ठरली. तरीही ती टिकली, ती तिने माणसास लावलेल्या वळणामुळे, असे मला वाटते.

दांडपट्टाच पाहा. कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी खोबणीत मनगट जखडले जाते; सारा वार खांद्यातून, पवित्र्याच्या तोलावर करावा लागतो. असे लवलवते पाते फिरवून सोबत्याच्या तळहातावरील लिंबू कापावयाचे! प्रेक्षक पट्टेवाल्याकडे पाहतात. मला लिंबू धरणाऱ्याचे अधिक कौतुक वाटते. आपला हात निश्चल ठेवून तो दुसऱ्याच्या साधनेवर विश्वास टाकीत असतो. पट्टेवाल्याची परीक्षाही जोराची नसून पाते कातडीपाशी आवरण्याची असते. शत्रूवर वार करणाऱ्यास एवढी अचूकता लागत नाही. (शाळेच्या कवायतीत आम्ही शिक्षक हुकूम पाळावयास शिकवितो, हे आवरणे शिकवीत नाही.)

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी नावारूपास आणलेल्या मल्लखांबात तर प्रतिस्पर्धीच उरत नाही. खांब उलटून वार करीत नाही आणि हरतही नाही. शिकणाऱ्याची झुंज स्वतःच्याच भीतीशी चालते. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला, हे उचितच झाले.

इंदुरातील अनंत चतुर्दशीची मिरवणूक गिरणी कामगारांनी वाढविली. हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद पडली, इतरांचीही धुराडी विझली. पण देखाव्यांसोबत आखाडे आजही निघतात. वस्ताद गर्दी मागे सारून रिंगण मोकळे करतात. एखादे पोर पुढे येते, शस्त्रास लावलेला हात कपाळास लावते, आणि मगच पहिला पवित्रा घेते.