काजळीवाल्याचा मुलगा आणि बाखची उतरवलेली पानं

आज सुरुवातीलाच एक काम करा. ऑर्गनची ती धून आठवा. जुन्या भुताच्या सिनेमात वाडा दिसला, वीज कडाडली की वाजते ना, तीच. बाखची डी मायनरमधली टोकाटा आणि फ्यूग. 1940 च्या डिस्नेच्या 'फँटेशिया'ची सुरुवातही तिनेच होते.

आता गंमत ऐका. ही रचना बाखच्या हस्ताक्षरात कुठेच नाही. त्याच्या काळाजवळची म्हणावी अशी एकच प्रत उरली आहे, आणि ती लिहिली योहानेस रिंक नावाच्या माणसाने. हा रिंक कोण? एका गावच्या शाळामास्तरचा शिष्य. मला आज त्या मास्तरबद्दल बोलायचंय.

योहान पीटर केलनर. जन्म 1705, जर्मनीतल्या थुरिंगियाच्या जंगलपट्टीतलं ग्रेफेनरोडा. हे गाव आज ओळखलं जातं ते बागेत ठेवतात त्या टोपीवाल्या बुटक्यांच्या मूर्तींसाठी! केलनर जन्मला तेव्हा तरुण बाख जवळच्याच आर्नस्टाटमध्ये ऑर्गन वाजवत होता. पण या घराचा संगीताशी काही संबंध नव्हता. वडील काजळीचे व्यापारी. छपाईची शाई बनते ना, ती काजळी. मुलाने तोच धंदा पुढे चालवावा ही त्यांची इच्छा. पोराच्या डोक्यात मात्र गाणं. शेवटी वडील नमले, आणि केलनर आसपासच्या गावांतल्या ऑर्गनवादकांकडे जाऊन शिकला. हे आपल्याला कळतं कारण पुढे 1754 च्या सुमारास बर्लिनच्या एका संगीतविषयक नियतकालिकात त्याने स्वतःचीच हकीकत लिहिली. बाख आणि हँडल, दोघांशी आपली ओळख झाली हेही त्यात तो सांगतो. गावातल्या मास्तराला हे सांगताना किती बरं वाटलं असेल!

1725 मध्ये त्याला शेजारच्या फ्रांकेनहाइनला नोकरी लागली. दोनेक वर्षांत तो आपल्या गावी परतला, आधी मदतनीस म्हणून, आणि 1732 पासून कांटोर. कांटोर म्हणजे काय, तर एकाच माणसाच्या गळ्यात सगळं. आठवडाभर पोरांना वाचन, धर्मपाठ, गाणं शिकवायचं. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन आणि गायकवृंद सांभाळायचा. लग्न असो की मयत, तिथेही हजर. 1772 मध्ये वारला तोपर्यंत त्याने हेच केलं. चाळीस वर्षं, एकच गाव.

पण त्याला एक नाद होता. बाखचं संगीत मिळेल तिथून हाताने उतरवून घ्यायचं. तेव्हा बाखच्या फार थोड्या रचना छापल्या गेल्या होत्या. झेरॉक्स नाही, फोटो नाही. एखादं हस्तलिखित तुमच्यापर्यंत आलं, तर पीस घ्या, शाईत बुडवा आणि बसा. (काजळीवाल्याचं पोर शेवटी शाईपाशीच आलं म्हणायचं.)

1726 च्या आसपास, विशीतल्या केलनरने बाखचे एकट्या चेलोसाठीचे सहा स्वीट उतरवले. चेलो शिकणाऱ्या कुणालाही विचारा, ते त्यांच्यासाठी काय आहेत. आणि याचीही बाखच्या हातची प्रत हरवली. आज आपण ज्यांवर विसंबतो त्या सर्वांत जुन्या दोन प्रतींपैकी एक बाखच्या बायकोची, आना माग्डालेनाची, आणि दुसरी या मास्तरची.

हो, चुका आहेत तिच्यात. पाचव्या स्वीटमधला साराबांद नाहीच, आणि जीग सुरू होऊन थोड्याच ओळींत थांबते. व्हायोलिनच्या प्रसिद्ध शाकोनलाही त्याने चांगलीच कात्री लावली. काही अभ्यासक यावर नाक मुरडतात. मला नाही तसं वाटत. तो संग्रहालयासाठी लिहित नव्हता, स्वतः शिकण्यासाठी आणि पोरांना शिकवण्यासाठी लिहित होता. आपणही नोट्स उतरवताना पानं गाळतोच की.

आणि त्याची पोरं बघा. रिंक हा त्याच फ्रांकेनहाइनचा, जन्म 1717. 1730 मध्ये, तेराएक वर्षांचा असताना, त्याने बाखचा लग्नासाठीचा एक कँटाटा उतरवला. ती रचना आज फक्त त्या प्रतीमुळे आहे. दुसरा शिष्य किर्नबेर्गर. तो पुढे खुद्द बाखकडे शिकला आणि बाखची चार आवाजांची कोराल छापून यावीत म्हणून आयुष्यभर खटपट करत राहिला. 1783 मध्ये तो गेला, आणि दुसऱ्याच वर्षी ती छापून यायला लागली. केलनरचा मुलगा योहान क्रिस्टोफसुद्धा कासेलमध्ये ऑर्गनवादक झाला.

आता पुन्हा त्या भुताच्या धुनेकडे. 1981 मध्ये पीटर विल्यम्स या ब्रिटिश अभ्यासकाने विचारलं, ही नक्की बाखचीच का? तिची घडण बाखच्या इतर ऑर्गन रचनांसारखी नाही, आणि पुरावा म्हणजे रिंकची ती एक प्रत. मग काहींनी बोट दाखवलं थेट केलनरच्या वर्तुळाकडे. बहुतेक जण आजही ती बाखचीच मानतात, मीही. पण कल्पना करा, अख्ख्या जगाला ठाऊक असलेली धून, आणि संशयितांच्या यादीत एक गावचा मास्तर!

केलनरने गोळा केलेलं ते जाडजूड बाड आज बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. आता इअरफोन लावा आणि पहिल्या चेलो स्वीटचा प्रेल्यूड ऐका. अडीच मिनिटांचा आहे.