दिनविशेष : १८ फेब्रुवारी
१९९७ : हार्मोनियम व तबलावादक, कोलकात्याचे पं. ज्ञानप्रकाश घोष यांचे निधन. पेटी त्यांच्या घरचीच. युरोपातल्या पायपेटीला हातभात्याचे रूप देऊन तिला मैफलीत मांडी घालून बसवण्याचे श्रेय आजोबा द्वारकानाथ यांच्या ‘द्वारकिन’ पेढीला जाते. फुटबॉल खेळताना डोळा दुखावला आणि ज्ञानबाबू संगीतात रमले. तबला फरुखाबाद घराण्याच्या मसीत खाँसाहेबांकडे शिकले. गंमत म्हणजे ज्या आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार लावले, तिथेच ते पुढे निर्माते झाले! आपल्या व्ही. जी. जोगांच्या व्हायोलिनबरोबरची त्यांची पेटीची जुगलबंदी आजही ऐकावी. शंकर घोष, अनिंदो चटर्जी, अजय चक्रवर्ती हे त्यांचे शिष्य. १९८४ साली पद्मभूषण.