वृद्धांच्या देखभालीचा निर्णय : आधी त्यांना विचारा

गणपतीला मुंबई-पुण्याची मुले भाट्ये गावी येतात आणि पडवीत चर्चा सुरू होते. आईला आता एकटी ठेवायची का? मुंबईला न्यायची, सोबतीला बाई ठेवायची, की वृद्धाश्रम पाहायचा? आई मात्र आत स्वयंपाकघरात असते.

ऐंशी ओलांडलेल्या एका आजींना घेऊन मुलगा माझ्याकडे आला होता. "हिला आता काही समजत नाही," तो म्हणाला. मीही बराच वेळ त्याच्याशीच बोलत राहिलो. मग आजींच्या कानातला मळ काढला आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, "रात्रीची भीती वाटते. दिवसा मला कोणी नको." म्हणजे त्यांना घर सोडायचे नव्हते, फक्त रात्रीची सोबत हवी होती.

निर्णयक्षमता म्हणजे काय?

चार गोष्टी पाहाव्यात. सांगितलेले समजते का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहते का, फायदे-तोटे तोलता येतात का, आणि आपले मत बोलून किंवा खुणेने सांगता येते का. ही क्षमता प्रत्येक निर्णयासाठी वेगळी तपासावी लागते. बँकेचा हिशेब न जमणारी व्यक्ती कुठे राहायचे हे नीट सांगू शकते. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून सगळे हक्क संपत नाहीत. आणि आपल्याला न पटणारा निर्णय म्हणजे अक्षमता नव्हे.

"समजत नाही" असे ठरवण्यापूर्वी

• चष्मा आणि श्रवणयंत्र लावले आहे का, कानात मळ आहे का, ते पाहा.
• काही तासांत किंवा दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीतील किंवा फुप्फुसातील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, झोपेची औषधे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. या काळात मोठा निर्णय किंवा सही घेऊ नका.
• हळूहळू वाढणाऱ्या विसराळूपणात थायरॉइड, जीवनसत्त्व बी-12 आणि नैराश्य तपासून घ्या. यांवर उपचार आहेत.

बोलावे कसे?

त्यांना तरतरी असेल अशी वेळ निवडा, बहुधा सकाळची. टीव्ही बंद करा. एका वेळी एकच विषय घ्या. "तुम्हाला कशाची काळजी वाटते?" आणि "काय काहीही झाले तरी सोडायचे नाही?" हे दोन प्रश्न विचारा. काही वेळ त्यांच्याशी एकट्याने बोला. सून-मुलासमोर अनेकजण "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळे होतात. शक्य असेल तर पर्याय महिनाभर करून पाहा आणि परतीची वाट उघडी ठेवा.

धोका पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येतो. पावसात शेवाळलेले अंगण घासून घ्या. जांभ्याच्या पायऱ्यांना कठडा बसवा. शौचालय बाहेर असेल तर वाटेवर दिवा लावा आणि रात्रीसाठी खोलीत कमोड खुर्ची ठेवा. एवढ्यानेही घरी राहणे बरेच सुरक्षित होते.

क्षमता असतानाच करायची कागदपत्रे

• वैद्यकीय इच्छापत्र : बरे होण्याची आशा नसताना केवळ आयुष्य लांबवणारे उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन लागते. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावेही त्यात लिहावीत.
• घर-जमीन : मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होते, बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते. बक्षीसपत्र करायचेच असेल तर देखभालीची अट त्यात स्पष्ट लिहा. अट पाळली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार ते रद्द करण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सही करण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाला विचारा.

क्षमता खरोखरच उरली नसेल तर

तेव्हाही "आम्हाला काय सोयीचे?" यापेक्षा "त्यांनी काय निवडले असते?" हा प्रश्न आधी येतो. जेवण, कपडे, आंघोळीची वेळ, देवपूजा अशा लहान निवडी त्यांच्याकडेच राहू द्या.

सहीसाठी दबाव, मारहाण, उपासमार किंवा कोंडून ठेवणे असे काही आढळले, तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जिवाला धोका असेल तर 112 वर करा.

पुढच्या वेळी दवाखान्यात आलात, की रुग्णाची खुर्ची डॉक्टरांच्या समोर ठेवा आणि तुम्ही बाजूला बसा. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलू लागले तर म्हणा, "त्यांनाच विचारा."