राबासाठी छाटलेली झाडे: पेण आणि रोहा

पेण आणि रोहा तालुक्यांत झाड छाटण्याचा जुना संबंध भाताच्या रोपांशी आहे. खाडीकाठच्या खारेपाटात मोड आणलेले बियाणे थेट चिखलात फेकले जाई, तिथे राबाची, म्हणजे पाला-पाचोळा जाळून जमीन भाजण्याची, गरज नसे. डोंगराकडच्या गोड्या जमिनीत मात्र रोपे तयार करावी लागत आणि त्यासाठी आधी दाढ, म्हणजे रोपांची जागा, भाजली जाई.

कापणी आटोपली की माणसे कोयता घेऊन झाडावर चढत. फांद्यांची पालेदार डहाळी, म्हणजे कवळ, तोडून सुकवत. दाढीच्या जागेवर खाली शेण, वर कवळ, मग गवत-पाचोळा आणि शेवटी बारीक मातीचा थर रचत. आग वाऱ्याच्या उलट दिशेने लावत, कारण ढीग भडकून चालत नाही. हळूहळू धुमसला तरच जमीन नीट भाजते. पहिल्या पावसानंतर तिथे पेरणी होई.

कवळासाठी पहिली पसंती ऐनाला, कारण तोडल्यावर तो जोमाने फुटतो. जाणता माणूस शेंडा राखूनच बाजूच्या फांद्या उतरवी, त्यामुळे वरकस जमिनीतले ऐन खांबासारखे दिसत: सरळ बुंधा आणि त्याला बिलगून फुटलेली पाने. वरकस म्हणजे भातशेतीला जोडलेली माळ-उताराची जमीन. गवत, कवळ आणि नाचणी-वरी तिच्यातूनच येई.

झाडावर हक्क कोणाचा, हा वादही जुनाच. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठीसुद्धा रयतेचे आंबा-फणस जबरदस्तीने तोडू नयेत, मालकाला राजी करून आणि मोबदला देऊनच घ्यावेत, असे बजावले आहे. इंग्रजी राजवटीत साग-शिसव सरकारचे ठरले आणि 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव रान वाढले. कवळतोड म्हणजे जंगलाची नासाडी, असे वनखात्याचे म्हणणे. राबाशिवाय भात नाही, असे शेतकऱ्याचे. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड, पेण-रोहा त्यातलेच) जिल्ह्यांतील तक्रारींमुळे 1885 मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल 1887 साली आला.

शास्त्रज्ञांनी राबाकडे अधिक सहानुभूतीने पाहिले. मान, जोशी आणि कानिटकर यांनी 1912 साली राबावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. रोपांना राखेइतकाच, किंबहुना अधिक, फायदा माती तापण्यानेही होतो, हे अशा संशोधनातून पुढे आले. वनअधिकाऱ्यांनी हे आधी तपासले असते तर बरीच कटुता टळली असती.

पुढे रासायनिक खते आली आणि कवळ तोडण्याचे प्रमाण घटले. कायद्याची पकड मात्र राहिली. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यातील झाडांच्या यादीत ऐनही आहे. 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यामुळे नगरपालिकांच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणे आली, त्यामुळे पेण किंवा रोहा-अष्टमीत घराच्या आवारातले झाडही परवानगीशिवाय पाडता येत नाही. दुसरीकडे कारखान्यांवर झाडे लावण्याचेच बंधन आले. पर्यावरण मंजुरी देताना भूखंडाचा साधारण 33 टक्के भाग हरितपट्ट्यासाठी ठेवण्याची अट दीर्घकाळ घातली जात असे. रोह्याजवळच्या धाटावसारख्या औद्योगिक वसाहतीत, नव्या गृहसंकुलांत आणि शेतघरांच्या आवारात लागवड, हिरवळीची कापणी आणि फांद्यांची छाटणी हे आता ठेक्याने दिले जाणारे काम आहे.