नकलेच्या अटी

सप्टेंबर १९९१ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्सने लिनक्सचा पहिला मसुदा तयार केला, तेव्हा तो लोकांसमोर ठेवायला त्याच्याकडे स्वतःची जागा नव्हती. आरी लेम्के यांनी फिनलंडच्या विद्यापीठांच्या फुनेट सर्व्हरवर त्याला एक कप्पा दिला आणि कप्प्याचं नाव स्वतःच 'लिनक्स' ठेवून टाकलं. टॉर्वाल्ड्सच्या मनात दुसरंच नाव होतं. मुक्त सॉफ्टवेअरचा पुढचा सगळा संसार असाच उसन्या जागेवर उभा राहिला.

त्या काळी समुद्रापलीकडून फाइल आणणं महाग आणि संथ. हजार विद्यार्थ्यांनी तीच फाइल हजार वेळा ओढण्यापेक्षा एका विद्यापीठाने ती एकदा आणावी आणि आपल्या भागात वाटावी, हे साधं व्यवहारज्ञान. अशा प्रतीला 'मिरर' म्हणजे आरसा हे नाव पडलं. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातल्या ली मॅक्लॉक्लिन यांनी या कामासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नावही 'मिरर'च होतं. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं आरसिंक आलं. फाइलचा बदललेला भागच तेवढा पाठवायची सोय झाली आणि नकलेचा खर्च एकदम खाली आला.

या सुरुवातीच्या नकलकारांना अटी नव्हत्याच म्हणा ना. डिस्कवर जागा हवी, वायर बऱ्यापैकी जाड हवी. बाकी सगळा भरवसा.

१९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेलं डेबियन मोठं झालं तसं मात्र भरवशावर भागेना. डेबियनचं भांडार दिवसातून चार वेळा बदलतं. मिररने मधल्या वेळेत अर्धवट नक्कल केली तर सूचीत नाव नवं आणि फडताळात पुस्तक नाही, अशी गत होते. वापरणाऱ्याचं अपडेट तिथेच अडतं. म्हणून डेबियनने मिरर चालवणाऱ्यांना नक्कल दोन टप्प्यांत करायला सांगितलं. आधी नवी पॅकेजेस आणायची. ती सगळी आली की मग सूची बदलायची आणि जुनं काढायचं. साधा क्रम आहे, पण तो पाळला नाही तर आरशात तुटका चेहरा दिसतो. त्यासाठी एफटीपीसिंक नावाची तयार स्क्रिप्टही डेबियनने दिली. शिवाय प्रत्येक मिररवर 'ट्रेस' नावाच्या कप्प्यात एक नोंद राहते: ही प्रत केव्हा घेतली आणि कुणाकडून घेतली. वरच्या मिररची नोंदही तिथेच असते.

हा कप्पा पाहिला की मला हटकून इस्नाद आठवते. हदीस सांगणाऱ्याने आधी साखळी सांगायची: मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून. दमास्कसमध्ये शिकवणारे इब्न सलाह (मृत्यू १२४५) यांनी हदीसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात रावीच्या अटी दिल्या आहेत. त्यातल्या मुख्य दोन. एक अदालत, म्हणजे माणूस सचोटीचा हवा. दुसरी जब्त, म्हणजे त्याची पाठ किंवा प्रत अचूक हवी. सचोटीचा पण विसराळू माणूस चालत नाही, आणि तल्लख पण लबाड तर नाहीच नाही. लेखी प्रतीसाठी आणखी एक अट होती, मुकाबला. मराठीत मुकाबला म्हणजे सामना. या शास्त्रात त्याचा अर्थ नक्कल मूळ प्रतीसमोर धरून ओळ न ओळ ताडून पाहणं. दोन हदीसांच्या मध्ये लेखनिक एक वर्तुळ काढायचा. खतीब बगदादी (मृत्यू १०७१) यांचा सल्ला असा की वर्तुळ आधी रिकामं ठेवावं आणि ताडून झालं की त्यात ठिपका द्यावा. पुढे ती प्रत कुणाच्याही हाती गेली तरी ठिपका पाहून कळायचं की हे तपासलेलं आहे.

मिररच्या जगात जब्तच्या अटी भरपूर होत्या. अदालतीचं काय?

२००८ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करूनच पाहिलं. त्यांनी भाड्याने सर्व्हर घेतला, काल्पनिक कंपनी आणि काल्पनिक व्यवस्थापकाच्या नावाने उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, सेंटओएस आणि डेबियन या पाचही ठिकाणी मिरर म्हणून अर्ज केला. पाचही ठिकाणी नाव यादीत लागलं. हजारो संगणक त्यांच्याकडे अपडेट मागायला आले. त्यात लष्करी आणि सरकारी संगणकही होते. संशोधकांनी कुणाला अपाय केला नाही, पण मुद्दा सिद्ध झाला.

कुणी म्हणेल, पॅकेजवर सही असते ना? असते. २००७ च्या डेबियन ४.० पासून डेबियनमध्ये ती आपोआप तपासलीही जात होती. मुख्य यादीवर डेबियनची सही, यादीत सूचीचे ठसे, सूचीत प्रत्येक पॅकेजचा ठसा. एक अक्षर बदललं तरी पकडलं जातं. पण लबाड मिररला काही बदलायची गरजच नव्हती. त्याने फक्त जुनी, अस्सल सहीची प्रत दाखवत राहायचं. भोक बुजवणारी दुरुस्ती निघालेली असते, तुमच्यापर्यंत ती पोहोचतच नाही, आणि संगणक निर्धास्त सांगतो की सगळं ताजं आहे. यात खोटं अक्षर एकही नाही, तरी फसवणूक पुरी.

यावर सोपा उपाय होता: अर्जदाराची ओळखपत्रं मागा, कंपनीचे कागद मागा, नाव-गाव तपासा. घर भाड्याने घेताना आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो, हे आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं आहे, त्यामुळे असल्या तपासणीने कोण गाळला जातो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पक्क्या लबाडाकडे कागद असतातच. अडकतो तो कुठल्यातरी लहान कॉलेजातला हौशी प्रशासक. डेबियनने अट माणसाऐवजी प्रतीवर घातली, आणि ती मला जास्त शहाणपणाची वाटते. ज्या भांडारांत मजकूर सतत बदलतो, तिथल्या सही केलेल्या यादीतच पुढे मुदत लिहिली जाऊ लागली. मुदत उलटली की तुमचा संगणक ती यादी नाकारतो, मग ती कुणीही दिलेली असो. सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा पत्ता आधीपासून वेगळा होता, आणि त्याच्या परस्पर नकला काढायला डेबियनने कधी उत्तेजन दिलं नाही.

इथे हदीसच्या परंपरेपासून वाट वेगळी होते, हे मान्य करायला हवं. मुहद्दिसांनी रावींची चरित्रं लिहून ग्रंथांच्या रांगा लावल्या, कारण मूळ बोल ताडून पाहायला मूळ वक्ता हयात नव्हता. डेबियनची मूळ प्रत मात्र जिवंत आहे आणि रोज नव्याने सही करते. त्यामुळे मधल्या माणसाचं चारित्र्य न विचारता काम भागतं. ज्याला ही चैन परवडत नव्हती, त्या मुहद्दिसांची मेहनत मला उलट यामुळेच मोठी वाटते.

आता मिररचे दिवस पालटलेत. डेबियन बसवताना नेहमी समोर येणारा पत्ता आज फास्टलीसारख्या व्यावसायिक वितरण कंपनीच्या जाळ्यातून फाइल देतो. वेग उत्तम, तक्रार नाही. पण शेकडो विद्यापीठांनी वाटून घेतलेला भार एक-दोन कंपन्यांकडे जातो, आणि त्यांची मर्जी फिरली तर परत जायला जुनी वाट शिल्लक असावी लागते. म्हणून आयआयटी कानपूरच्या संगणक विभागासारखे मिरर चालू राहणं मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्याकडून घेतलेलं पॅकेज अमेरिकेतल्या सर्व्हरवरून घेतलेल्या पॅकेजइतकंच अस्सल, कारण ठसा तोच.